घड आणि घटका

आगमनकाळाचा पहिला रविवार जवळ आला, की आमच्या मनातील एक जुना सल जागा होतो. जांभळी वस्त्रे परिधान करून आम्ही वेदीपाशी उभे राहतो, पहिली मेणबत्ती पेटवली जाते, आणि समोर बसलेल्या भाविकांच्या रांगांतून आमची नजर नकळत एकीला शोधू लागते. दिवस भरत आलेली, एका हाताने बाकाचा आधार घेऊन सावकाश उठणारी अशी कुणी माउली आज मिस्सेला आली आहे काय? ती दिसली, की प्रवचनाचा मजकूर आम्ही मनातल्या मनात पुन्हा एकदा तपासून पाहतो. हा सावधपणा आम्हाला सेमिनरीने शिकवला नाही. तो ज्या घटनेने शिकवला, ती आज वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

२००९ सालची गोष्ट. वसईच्या किनारपट्टीवरील एका धर्मग्रामात तेव्हा आमची नेमणूक होती. वय चाळिशीचे, वाचन बऱ्यापैकी आणि बोलण्याचा हुरूप त्याहून मोठा. आगमनकाळ म्हणजे प्रतीक्षेचा काळ. त्या रविवारी आम्ही आधुनिक माणसाच्या उतावीळपणावर चांगलेच कोरडे ओढले. दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवयांपासून सुरुवात करून आम्ही थेट जन्ममरणापर्यंत पोहोचलो. फळ डहाळीवरच पिकू द्यावे, ओढून काढलेल्या फळाला गोडी नसते, असे म्हणालो. पुढे म्हणालो, की जन्माची आणि मरणाची घटका परमेश्वराने आपल्या हाती ठेवली आहे, पण आजचा माणूस तीही सुईच्या टोकावर आणू पाहतो. सलाइन लावून कळा आणतो आणि निसर्गाला घड्याळ दाखवतो. माना डोलल्या. मिस्सेनंतर दोघातिघांनी हात हातात घेऊन अभिनंदन केले.

एका वृद्ध बागायतदाराने मात्र आम्हाला जरा बाजूला घेतले. "फादर, प्रवचन छान झालं. पण एक सांगू का? केळीचा घड कुणी झाडावर पिकवीत नाही. भरला, की उतरवायचा आणि अढीत घालायचा. कोवळा उतरवला तर नीट पिकत नाही, आणि भरल्यावर तसाच ठेवला तर केळी तडकतात. मग ती पाखरांची नि वटवाघळांची." आम्ही हसलो आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. घड भरला हे तुम्ही कशावरून ओळखता, असा प्रश्न त्या वेळी विचारायला हवा होता. तो आम्ही विचारला नाही.

त्या मिस्सेला एक तरुण जोडपे हजर होते. लग्नानंतर चार वर्षांनी त्यांच्या घरी पाळणा हलणार होता. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून आठवडा होत आला होता. बाळंतपणाची चिन्हे नव्हती. डॉक्टरांनी दाखल होण्यास सांगितले. औषध देऊन कळा सुरू करू, आता थांबण्यात लाभ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. घरात विचारविनिमय झाला. सासूबाईंची तिन्ही बाळंतपणे आपसूक झाली होती. नवरा गोंधळला होता. अखेर त्या मुलीनेच निर्णय केला, की फादर परवा म्हणाले तेच खरे. आपण थोडे थांबू, देवाची वेळ येऊ दे. ती घरी रोझरी म्हणत राहिली. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या लक्षात आले, की बाळ रात्रीपासून हललेले नाही. रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्या चिमुकल्या हृदयाचे ठोके थांबले होते. मग जे टाळले होते तेच करावे लागले. औषध देऊन कळा आणल्या गेल्या, आणि ती माता प्रसूत झाली. मुलगा होता.

दफनविधी आम्हीच केला. बाप्तिस्मा देण्याची आईवडिलांची इच्छा असताना तो होण्यापूर्वीच मूल दगावले, तर महागुरुस्वामींच्या अनुमतीने त्याचा ख्रिस्ती अंत्यविधी करता येतो, अशी तरतूद धर्मसभेच्या कायद्यात आहे. अशा बालकांच्या तारणाविषयी आपण आशा बाळगू शकतो, असे आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ साली एका दस्तऐवजात सविस्तर मांडले. हे सारे आम्हाला ठाऊक होते, आणि त्या घरी आम्ही ते समजावूनही सांगितले. ती बाळंतीण भिंतीला टेकून बसली होती. सारे ऐकून घेतल्यावर तिने एवढेच विचारले, "फादर, देवाची वेळ ही होती का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही तिच्या मस्तकावर हात ठेवला आणि बाहेर पडलो. तिच्या प्रश्नात आरोप असता तर तो सोसवला असता. तिने आमच्या शब्दांवर विश्वास ठेवला होता, आणि तोच सोसवत नव्हता.

नाताळचे दिवस सरल्यावर आम्ही एका धर्मभगिनीकडे गेलो. त्या प्रसूतिशास्त्राच्या डॉक्टर होत्या आणि त्यांच्या हातून हजारो बाळे जगात आली होती. आम्ही आमचे प्रवचन त्यांना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी ना धीर दिला, ना दोष दिला. "त्या दिवशी कळा आणल्या असत्या तर बाळ नक्की वाचलं असतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "वाचण्याचा संभव अधिक होता, एवढं खरं. पण फादर, तुम्ही ज्याच्यावर बोललात, ते आहे तरी काय, हे कधी समजून घेतलंत का?" घेतले नव्हते. त्या दिवसापासून थोडेथोडे समजून घेऊ लागलो. आम्हा ब्रह्मचाऱ्यांची जागा प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर. पण दाराबाहेर बसणाऱ्यानेही आत काय चालले आहे ते जाणून घेतलेले बरे.

आपल्या आज्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणत. नेगेले नावाच्या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियमही त्याच्या जवळपास येतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावेत, म्हणजे २८० दिवस, अर्थात ४० आठवडे होतात. पण ही तारीख म्हणजे लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त नव्हे. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच. ३७ आठवड्यांपासून ४२ आठवड्यांपर्यंत बाळ केव्हाही येऊ शकते. आपल्या उपासनेतही हे गणित दडलेले आहे. २५ मार्चला देवदूताच्या निरोपाचा सण आणि २५ डिसेंबरला प्रभूचा जन्म, असे बरोबर नऊ महिने, म्हणजे २७५ दिवस. हे गर्भधारणेपासून मोजलेले दिवस आहेत. डॉक्टरी पद्धतीने पाळीपासून मोजायचे तर त्यांत आणखी दोन आठवडे मिळवावे लागतात, आणि बेथलेहेमच्या त्या रात्री मरियामातेचे ४१ आठवडे आणि २ दिवस भरलेले असतात! हे उपासनेचे गणित आहे, वैद्यकाचे नव्हे. तरी आम्हाला ते सांगून त्या धर्मभगिनी खळखळून हसल्या होत्या.

मग घटका ठरवतो कोण? या प्रश्नाने आम्हाला फार ओढ लावली. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ग्रॅहम लिगिन्स नावाच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग केले. त्यांतून दिसले, की मेंढीच्या पोटातील कोकराच्या ग्रंथीच प्रसूतीचा इशारा देतात. त्या ग्रंथी निकामी केल्या तर गर्भारपण लांबत जाते, आणि त्यांचे रस कोकराला बाहेरून दिले तर प्रसूती लवकर होते. मानवात ही व्यवस्था अधिक गुंतागुंतीची आहे. तिथे बाळ, वार आणि आईचे गर्भाशय या तिघांचा संवाद चालतो. पण मूल हे केवळ वाहून नेले जाणारे ओझे नसून आपल्या आगमनात तेही सहभागी असते, हे वाचून आम्ही थक्क झालो. निसर्गतः सुरू होणाऱ्या कळांविषयी आदर बाळगायचा तो यासाठी. ज्या बाळाची तयारी झालेली नाही, त्याला विनाकारण बाहेर ओढणे म्हणजे त्याचे बोलणे मध्येच तोडणे होय.

परंतु हा संवाद कधी कधी सुरूच होत नाही. वार ही बाळाची शिदोरी. दिवस फार वर गेले, की काही मातांच्या बाबतीत ती शिदोरी अपुरी पडू लागते, गर्भजल कमी होते, बाळ पोटातच शी करते आणि ती त्याच्या फुप्फुसांत जाण्याची भीती असते. मातेचा रक्तदाब चढला, तिला मधुमेह असला किंवा पाणमोट फुटूनही कळा आल्या नाहीत, तर दिवस भरण्याआधीही थांबणे धोक्याचे ठरू शकते. अशा वेळी वैद्यक त्या संवादाला वाचा फोडते. त्यासाठी वापरायची औषधे शरीरात मुळातच असलेल्या द्रव्यांच्या वाटेने चालतात. कळा आणणारे ऑक्सिटोसिन आपल्याच मस्तकातील पोष ग्रंथीतून स्रवते. त्या ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखवून दिले. व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी १९५३ साली ते प्रयोगशाळेत तयार केले, आणि १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाशयाचे मुख मऊ करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्येही शरीरातच असतात. कळा आणण्यासाठी त्यांचा उपयोग करून पाहणाऱ्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक, सुलतान करीम, हे १९६८ साली आफ्रिकेतील युगांडात काम करीत होते. ज्याला आम्ही प्रवचनात निसर्गाला घड्याळ दाखवणे म्हटले होते, ते निसर्गाचीच भाषा शिकून तिच्यात बोलणे होते.

आणि घड भरला हे कशावरून ओळखावे? डॉक्टरांपाशी त्यासाठी एक मोजमाप आहे, आणि त्याचे नाव ऐकून आम्ही चमकलोच. त्याला 'बिशप स्कोअर' म्हणतात! आपल्या महागुरुस्वामींशी त्याचा काही संबंध नाही. एडवर्ड बिशप नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६४ साली ते मांडले. गर्भाशयाचे मुख किती उघडले, किती पातळ झाले, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे आणि बाळाचे डोके किती खाली उतरले आहे, या पाच गोष्टींना गुण द्यायचे. गुण पुरेसे असतील तर कळा आणणे सोपे जाते. कमी असतील तर आधी मुख मऊ करावे लागते. डॉक्टर याला मुख 'पिकणे' असेच म्हणतात. हे ऐकले आणि आम्हाला तो वृद्ध बागायतदार आठवला. केळ्याच्या कडा मोडून ते गोल झाले, की घड भरला, हे त्याचे मोजमाप आम्ही नंतर त्याच्या वाडीत जाऊन ऐकले. त्याने घाई करायला सांगितले नव्हते, आणि थांबायलाही नाही. त्याने पाहायला सांगितले होते.

या विषयावर मोठी संशोधनेही झाली आहेत. स्वीडनमध्ये २०१६ ते २०१८ या काळात २७६० स्त्रियांचा अभ्यास झाला. काहींना ४१ आठवडे भरताच कळा आणल्या गेल्या, काहींच्या बाबतीत ४२ आठवड्यांपर्यंत वाट पाहण्यात आली. वाट पाहिलेल्या गटात सहा बाळे दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. तेव्हा तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. ३४ चाचण्या आणि २१ हजारांहून अधिक स्त्रिया यांचा आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की दिवस भरल्यावर सुमारे ५४४ स्त्रियांना कळा आणल्या, तर एका बाळाचा मृत्यू टळतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही, दिवसांची गणना खात्रीची असेल तर, ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणाव्यात अशीच आहे.

५४४ हा आकडा आमच्या मनात फार दिवस घोळत राहिला. व्यवहारी माणूस म्हणेल, की ५४३ जणींना त्याची गरजच नव्हती. खरे आहे. त्या थांबल्या असत्या तरी त्यांची बाळे सुखरूप आली असती, आणि 'बघा, आमचे सगळे नैसर्गिक झाले' असे त्यांनी आनंदाने सांगितले असते. पण नव्व्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाच्या शोधात निघणाऱ्या मेंढपाळाचे आपण अनुयायी. ते एक मूल कुणाचे, हे आधी कुणालाच कळत नाही. आमच्या धर्मग्रामात ते भिंतीला टेकून बसलेल्या त्या मुलीचे निघाले.

याचा अर्थ, कळा आणणे हे सर्वांसाठी सर्वकाळ हितकारक, असा नव्हे. याही औषधांना धार आहे. मात्रा चुकली तर कळा इतक्या जोरकस येतात, की दोन कळांमध्ये बाळाला श्वासाची उसंत मिळत नाही. पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या गर्भाशयाची शिवण उसवण्याचा धोका असतो. म्हणून बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवणारे माणूस आणि गरज पडल्यास तातडीने शस्त्रक्रिया करण्याची सोय असल्याशिवाय हे काम करू नये. कळा आणल्या की सिझेरियन ठरलेलेच, असे मात्र आपल्याकडे सरसकट बोलले जाते, ते खरे नाही. अमेरिकेत ६१०६ पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३९ आठवड्यांनंतर कळा आणलेल्यांपैकी १८.६ टक्के जणींचे सिझेरियन झाले, आणि वाट पाहिलेल्यांपैकी २२.२ टक्के जणींचे. पण त्या स्त्रियांवर जी देखरेख होती, ती सर्वत्र असते असे नाही. आकडा एका गावाचा असतो आणि बाळंतीण दुसऱ्या गावची असते, हे विसरून चालत नाही.

घाईचे दुसरे टोकही आम्ही पाहिले आहे. काही वर्षांनी दुसऱ्या एका धर्मग्रामात बोटीवर नोकरी करणारा एक तरुण पत्नीसह भेटायला आला. रजा संपायला दहा दिवस उरले होते. पत्नीला ३७ आठवडे नुकतेच पूर्ण झाले होते. बाळाचे तोंड पाहूनच बोटीवर चढावे, म्हणून कळा आणवून घ्यायची त्याची इच्छा होती, आणि डॉक्टर नकार देत होते. आमची दुसऱ्या एका डॉक्टरांशी ओळख आहे हे त्याला ठाऊक होते. आम्ही शब्द टाकावा अशी त्याची विनंती होती. त्या तरुणाची माया खोटी नव्हती. आठ-नऊ महिने समुद्रावर काढायचे म्हणजे काय, हे वसईच्या माणसाला सांगायला नको. तरीही आम्ही शब्द टाकला नाही. या दिवसांत जन्मलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याचा संभव ३९ आठवड्यांच्या बाळांहून अधिक असतो, हे आता आम्हाला ठाऊक होते. आम्ही त्याला म्हणालो, "बाबा, तुझी रजा कंपनीने ठरवली. तुझ्या बाळाला ती कशी माहीत असणार?" तो नाराज होऊन गेला. बाळाचा पहिला फोटो त्याला बोटीवर मिळाला, आणि त्याने तो आम्हालाही पाठवला. नाताळच्याच दिवशी बाळ व्हावे म्हणून आग्रह धरणारी माणसेही आपल्यात आहेत. शुभमुहूर्तावर सिझेरियन करवून घेणाऱ्या शेजाऱ्यांना आपण नावे ठेवतो. २५ डिसेंबर हा आपला मुहूर्तच नव्हे काय?

या बाबतीत आपली धर्मसभा काय सांगते? आमच्या समजुतीपेक्षा ती अधिक शहाणी निघाली. पोप पायस बारावे यांनी १९५१ साली इटलीतील सुइणींपुढे भाषण करून त्यांच्या कार्याचा गौरव केला. वेदनारहित प्रसूतीचा प्रश्न पुढे आला, तेव्हा त्यांनी १९५६ साली स्पष्ट केले, की प्रसूतीच्या वेदना कमी करण्याचे प्रयत्न पवित्र शास्त्राच्या विरोधात जात नाहीत. एव्हेला मिळालेला शाप ही डॉक्टरांसाठी आज्ञा नव्हे. अमेरिकेतील महागुरुस्वामींच्या परिषदेने कॅथोलिक रुग्णालयांना घालून दिलेल्या नियमांत, बाळ आईच्या पोटाबाहेर जगू शकेल इतके वाढल्यावर, योग्य प्रमाणात कारण असेल तर कळा आणण्यास मुभा दिली आहे. सारा भर त्या 'कारण' या शब्दावर आहे. गर्भवतींचा आणि सुइणींचा पाठीराखा म्हणून धर्मसभेने ज्यांना मानले, ते तेराव्या शतकातील संत रेमंड यांचे टोपणनावच 'नोनातूस', म्हणजे 'न जन्मलेला', असे आहे. मृत मातेचे उदर छेदून त्यांना बाहेर काढण्यात आले, अशी परंपरा सांगते. कुणी तरी निसर्गाची वाट न पाहता हात घातला, म्हणून बाळंतिणींना हा संत लाभला.

मग प्रतीक्षेचे काय? आगमनकाळ तर आम्ही गुंडाळून ठेवू शकत नाही. त्या दहा कुमारिकांचा दाखला आम्ही पुन्हा उघडून वाचला, आणि इतकी वर्षे प्रवचने करूनही न दिसलेली एक गोष्ट दिसली. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी पेंगल्या, दहाही जणी झोपल्या. वाट पाहण्यात पाचजणी पहिल्या आणि पाचजणी दुसऱ्या, असा भेद नव्हताच. भेद होता तो तेलाचा. प्रतीक्षा हा काही आपोआप सद्गुण होत नाही. हाताशी दिवा आणि तेल ठेवून केलेली प्रतीक्षा तेवढी श्रद्धा ठरते. दिवस भरलेल्या मातेसाठी ते तेल म्हणजे वेळच्या वेळी तपासणी, बाळाच्या हालचालींवर लक्ष, हालचाल मंदावली तर तासाचाही विलंब न लावता रुग्णालयाची वाट, आणि डॉक्टरांना 'का?' असा प्रश्न विचारण्याचे धैर्य. 'थांबा' असे डॉक्टर म्हणाले तरी विचारावे, 'आणा' म्हणाले तरी विचारावे. रोझरीचे मणी मोजणाऱ्या बोटांना बाळाच्या लाथा मोजणे जड नाही.

२०११ साली ती मुलगी पुन्हा आमच्याकडे आली. पुन्हा दिवस गेले होते, आणि डॉक्टरांनी या वेळी तारखेच्या पुढे न जाण्याचे ठरवले होते. तिने आमचा सल्ला विचारला नाही, आशीर्वाद मागितला. आशीर्वाद देण्याआधी आम्ही तिची क्षमा मागितली. दोन वर्षे ती मागायची राहून गेली होती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फादर, तुम्ही वाईट मनानं बोलला नव्हता. निर्णय आमचा होता. पण यापुढे तिथं उभं राहून बोलताना, खाली कुणीतरी नववा महिना लागलेली बसली असेल, एवढं ध्यानात असू द्या."

ठरलेल्या दिवशी तिच्या नवऱ्यासोबत आम्हीही रुग्णालयाच्या बाकावर जाऊन बसलो. सकाळी औषध दिले गेले. दुपारी सलाइन लागले. दार उघडले तेव्हा दूरवर ती बाटली दिसली, आणि तिच्यातून सावकाश पडणारा एकेक थेंब. एके काळी आम्ही ज्यावर तोंडसुख घेतले होते, तो थेंब आम्ही रोझरी हातात धरून डोळे भरून पाहत होतो. देव त्या थेंबात नाही, असे म्हणण्याची आता आमची छाती नव्हती. रात्री नऊच्या सुमारास आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी होती.

ती मुलगी आता बरीच मोठी झाली आहे. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिनी, ती आईबरोबर दफनभूमीत जाते आणि एका लहानशा क्रूसापाशी मेणबत्ती लावते. बदली झाली तरी शक्य तेव्हा आम्हीही त्या दिवशी तेथे जातो. 'देवाची वेळ ही होती का?' या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी आजही नाही. घटका देवाचीच, यावर आमची श्रद्धा आहे. पण ती ओळखण्यासाठी देवाने बागायतदाराला डोळे दिले, धर्मभगिनीला हात दिले आणि आईला पोटातली हालचाल जाणण्याची शक्ती दिली. त्या दिवशी आमच्या वाट्याला फक्त कान आले होते, आणि आम्ही मात्र बोलत राहिलो.